पदर लागतो कुठं?

वऱ्हाडात अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही, कारण त्याला तसं राहूच देत नाहीत. अमरावतीहून भातकुलीची एसटी धरली की शेजारच्या सीटवरचा गृहस्थ पहिली पाच मिनिटं खिडकीबाहेरची तूर बघतो. मग घसा खाकरतो. "कोनतं गाव तुमचं?" गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामकूळ. स्टँड यायच्या आत त्याच्या खोलापूरच्या साडभावाचा आसऱ्याला असलेला मावसभाऊ माझ्या चुलत्याचा इवाई, म्हणजे व्याही, निघतो. "मंग लागला नं पदर!" असं म्हणून तो मांडीवर जोरात थाप मारतो. मांडी बहुतेक वेळा माझी असते.

पदर लागणं म्हणजे नातं निघणं. दोन घरांमध्ये सोयरीक होऊ शकते की नाही, हे ठरवताना म्हातारी माणसं पदरच बघतात. या पदराला दुसरीही एक बाजू आहे आणि ती तेवढी हसण्यासारखी नाही. तिच्याकडे येईन.

गेल्या वैशाखात आमच्या घरी पुतणीचं लग्न होतं. पुण्याहून माझी भाची आली. ती जपानी शिकली आहे आणि तिकडच्या एका कंपनीत दुभाषाचं काम करते. जपानी लिपीतली कितीतरी अक्षरं मूळची चिनी, त्यामुळे तिला आता चिनीचाही नाद लागलाय. तिच्यासोबत ऑफिसमधल्या एक जपानी बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, सारख्या वाकून नमस्कार करणाऱ्या. त्यांचं नाव आमच्यात कोणालाच धड घेता येईना, म्हणून तासाभरात त्या 'जपानवाली ताई' होऊन गेल्या. बायकांना प्रश्न एकच पडला होता आणि तो त्यांनी मांडवात आल्या आल्या विचारलाही: "पोराकडची होय का पोरीकडची?"

दुपारी ऊन असं होतं की कुत्रीही मांडवाच्या कनातीला टेकून झोपली होती. ओसरीवर कूलरसमोर आमची मोठी माय अक्षतांच्या पुड्या बांधत बसली होती. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय पंचाऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण तीन तालुक्यांतल्या सोयरिका तोंडपाठ. तिनं भाचीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. भाषा आली की नाही हे तपासायची तिची रीत साधी आहे. नमस्कार-चमत्कार, पाणी, भाकर असलं काही ती विचारत नाही.

"जाऊले काय म्हंतात वं त्यायच्यात?"

भाची अडखळली. जपानीत तसा शब्द आहे, पण आता तो कोणी फारसा वापरत नाही, असं तिनं ताईंना विचारून सांगितलं. "पण चिनीत आहे, आजी. जोउ-ली."

"चोळी?"

"नाही, जोउ-ली."

"चोळीच म्हन. आन् साडभावाले?"

"ल्येन-जिन." भाचीनं मोबाईलवर दोन अक्षरं काढून दाखवली. पहिल्याचा अर्थ जोडलेलं. दुसऱ्याचा, अंगरख्याचा पुढचा भाग, छातीवर येतो तो. दोन बहिणींचे नवरे म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन अंगरखे.

मोठ्या मायच्या हातातली पुडी तशीच राहिली. "म्हंजे पदरच लागला नं वं त्यायचा!"

त्या क्षणी मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आजवर मी समजत होतो की पदर लागण्याचं खूळ पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलंच. पाणी खारं, म्हणून माणसं गोडव्यासाठी नाती शोधत फिरतात. आणि हे तर तिकडे चीनमध्ये साडू-साडू अंगरख्याला अंगरखा शिवून बसलेले! मग ती दुपार माझी अशीच गेली. लग्नघरातली सगळी कामं मी टाळली. बायकोनं त्याबद्दल नंतर जे ऐकवलं ते या निबंधाच्या विषयात बसत नाही.

चिनी माणूस नात्याच्या बाबतीत आमच्यापेक्षा कणभरही कमी चौकस नाही. थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. थोरली बहीण वेगळी, धाकटी वेगळी. नुसता 'भाऊ' म्हणायची सोय नाही. बापाच्या थोरल्या भावाला एक शब्द, धाकट्याला दुसरा. हे ऐकून मोठी माय म्हणाली, "बरोबर हाये. मोठेबाबा आन् काका." वऱ्हाडाबाहेरच्या मराठी माणसाला जे कधी सांगून पटलं नाही, ते तिला बीजिंगकडून मंजूर होऊन मिळालं.

पुढे भावंडांचा हिशेब निघाला. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार खण, भाऊ आणि बहीण धरून आठ. चिन्यांकडेही आठच. मात्र त्यांचे खण वेगळे पाडलेत. चुलत तेवढे 'थांग', म्हणजे एकाच दिवाणखान्यातले. उरलेले आते, मामे, मावस सगळे एकगठ्ठा 'ब्याव', म्हणजे बाहेरचे. मग त्या दोन ढिगांत थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी. आपण माणूस कुठल्या वाटेनं आला ते विचारतो, ते कधी आला ते विचारतात. जपान्यांनी बोलण्यात हा सगळा पसारा एका 'इतोको'त आवरला. मोठ्या मायच्या मते हा निव्वळ आळस आहे.

'ब्याव' या शब्दाला आमच्या गावात आणखी एक गंमत आहे. इथल्या मारवाडी दुकानदारांच्या बोलीत ब्याव म्हणजे लग्न. आणि चीनमध्ये जुन्या काळी भावंडांत लग्न व्हायचं ते ब्याव भावंडांतच. थांग भावंडांत कधीच नाही, कारण आडनाव एक. अठराव्या शतकातली त्यांची 'लाल महालाचं स्वप्न' ही गाजलेली कादंबरी आहे. तिच्या नायकापुढे दोन मुली. एक त्याची आतेबहीण, दुसरी मावसबहीण. मावसबहीण म्हटल्यावर ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी एकदम "माय वं!" केलं. आपल्याकडे मामाची पोरगी हक्काची, आत्याची पोरगी करताना पुष्कळ घरं मान हलवतात आणि मावशीची म्हणजे सख्खीच बहीण. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्र बसवला आहे तो असल्याच कारणांनी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं भावा-बहिणीच्या मुलांचं लग्न मना केलं, पण रूढी असेल तर चालेल म्हणून दारही उघडं ठेवलं. चीननं १९८० च्या कायद्यात ते दार बंद केलं.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. 'अर-या' नावाचा चिन्यांचा एक फार जुना शब्दकोश आहे, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात नात्यांचं स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात लिहिलंय, की सुनेनं सासऱ्याला 'ज्यो' म्हणावं आणि सासूला 'गू'. आता ज्यो म्हणजे मामा आणि गू म्हणजे आत्या. (आत्याला आजही 'गूगू' म्हणतात. मराठी माणसानं हा शब्द जेवताना उच्चारू नये.) म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची चिनी सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत होती! माझी आई मरेपर्यंत तेच म्हणत होती. आत्याच्याच घरात मुलगी द्यायची, नाही तर मामाच्याच, म्हणून नवी नावं पाडायची गरजच पडली नसावी. आई जर त्या शब्दकोशाच्या काळात तिकडे नांदायला गेली असती, तर भाषा येत नसूनही घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक मारताना चुकली नसती.

फक्त एका शब्दावरून तिथं चिनी लोकांनी आमच्या मोठ्या मायला दुखावलं. आईच्या आईला चिनीत 'वाय-फो' म्हणतात, आणि त्यातल्या 'वाय'चा अर्थ बाहेरची. भाचीच्या नात्यात मोठी माय आईकडची आजी. "बाहेरची?" ती म्हणाली, "तुह्या मायचं बाळंतपन मी केलं. मी काय ओट्यावर बसली होती?" मला तिची बाजू पटते. मराठी भाषा भावंडांत एवढा भेद करते, पण आजीत करत नाही. दोन्हीकडची आजी आजीच. उलट आईकडच्या आजीच्या घराला आपण 'आजोळ' हा खास शब्द दिला. बापाच्या घराला असा लाडाचा शब्द कोणी दिला नाही.

जपानी ताईंनीही भर घातली. परक्यासमोर स्वतःच्या आईला 'हाहा' म्हणायचं आणि बापाला 'चीची'. दुसऱ्याच्या आईबापांना मात्र मानाचे, लांबलचक शब्द. स्वतःची बायको 'कानाई', म्हणजे घराच्या आतली. यावर माझे मोठेबाबा, नव्वदीला टेकलेले, ओसरीच्या कोपऱ्यातल्या खाटेवरून म्हणाले, "आपल्यात बी असंच हाये." खरंच आहे. एके काळी मराठी नवऱ्याला 'बायको' म्हणताना जीभ जड व्हायची. तो 'आमचं कुटुंब' म्हणायचा, नाही तर 'मंडळी'. घरात एकच बाई, पण बोलताना सभा भरल्यासारखी. मोठी माय आजही नवऱ्याला 'आमच्या घरचे' म्हणते. आणि जपानी बायका नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात, तो तर आपल्याच संस्कृत 'दान'मधून निघाला. भिक्षूंना दान देणारा तो यजमान, यजमानाचा मालक झाला आणि मालकाचा नवरा. दान कोण कोणाला देतं हे मात्र त्या प्रवासात वाटेत कुठे तरी सांडलं असावं.

आमच्या गावाला हे वेड का, याचं कारण मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. भातकुली म्हणजे जुनं भोजकट, असं आम्ही परंपरेनं मानतो. चम्मकला सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव आहे, त्यामुळे आमच्या मानण्याला थोडा तांब्याचा आधारही आहे. आणि भोजकट वसवलं कोणी? रुक्मीनं. रुक्मिणीचा भाऊ, श्रीकृष्णाचा साळा. गावं देवांनी वसवली, राजांनी वसवली, ऋषींनी वसवली. रुसलेल्या साळ्यानं वसवलेलं गाव मला तरी दुसरं माहीत नाही. कृष्णानं कौंडिण्यपुराहून रुक्मिणीला पळवली, तेव्हा हा पाठलागावर गेला आणि हरला. कृष्णानं त्याची दाढी-मिशी-डोकं अर्धवट भादरून सोडून दिलं. बहिणीला सोडवल्याशिवाय घरी येणार नाही अशी प्रतिज्ञा होती, मग तसल्या डोक्यानं वर्धेकाठच्या घरी जायचं कसं? राहिला इथंच.

भागवतात सांगितलंय, की सोयऱ्याला असं विद्रूप करणं बरं नाही म्हणून बलरामानं तेव्हा कृष्णाला सुनावलं. पुढे काय झालं बघा. रुक्मीची मुलगी कृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला गेली, मामेबहीण. त्या दोघांच्या मुलाला, अनिरुद्धाला, रुक्मीची नात रोचना दिली, पुन्हा मामेबहीण. पदरावर पदर, त्यावर पदर. आणि त्याच लग्नात, इथं भोजकटात, इवाई-इवाई द्यूत खेळायला बसले, खोटेपणा झाला, हसाहशी झाली आणि रुक्मीचा जीव घेतला तो त्याच बलरामानं. आमच्या पंचक्रोशीत लग्नाच्या रात्री पत्त्यांचा डाव रंगात आला की अजूनही एखादं म्हातारं माणूस येऊन पत्ते गोळा करतं. कारण कोणी सांगत नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर मी भाचीला विचारलं, की हे झालं जन्मानं मिळालेलं. न जन्मता मिळालेल्या माणसाला तिकडे काय म्हणतात?

ती म्हणाली, 'युआन'. जपानीत 'एन'. दोन माणसांची गाठ पडावी असं जे काही असतं ते. आपण 'ऋणानुबंध' म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं; फक्त देण्या-घेण्याचा हिशेब त्यात नाही. चीनमध्ये बौद्ध ग्रंथ पोचले तेव्हा आपल्या 'प्रत्यय' या संकल्पनेसाठी भाषांतरकारांनी हे अक्षर निवडलं. आणि त्या अक्षराचा मूळचा अर्थ? कपड्याचा काठ. अंगरख्याची, बाहीची किनार. मी तिला दोनदा विचारलं. दोनदा तिनं तेच सांगितलं. जपानीत घराच्या कडेच्या ओसरीलाही त्याच अक्षरानं 'एनगावा' म्हणतात. म्हणजे आम्ही काठ-पदराचं बोलणं ओसरीवर बसून करत होतो आणि तिकडे या तिन्हींना मिळून एकच अक्षर. वाटेनं जाताना नुसती बाहीला बाही घासली तरी मागल्या जन्मांचं काही तरी असणार, अशी त्यांची एक म्हणही आहे. आमच्या एसटीत सकाळी नऊच्या फेरीला जेवढ्या बाह्या घासतात, त्या हिशेबानं आख्खा तालुका मागल्या जन्मी एकाच घरात राहत असला पाहिजे.

त्यांच्याकडे 'कुसारे-एन' असाही एक प्रकार आहे. मला आधी आडनावच वाटलं. अर्थ निघाला, सडकं नातं. सुटावंसं वाटतं, पण सुटत नाही असं. मला माझा तिठ्यावरचा चहावाल्यापुढचा दोस्त आठवला. चाळीस वर्षं झाली. त्यानं माझ्याकडून नेलेलं एक पुस्तक परत केलं नाही, मी त्याची छत्री दिली नाही. निवडणुकीत आम्ही कधी एका बाजूला नव्हतो. नातं नाही, पदर लागत नाही, दोघांच्या बायकांचं पटत नाही. संध्याकाळी साडेपाचला दोघंही तिठ्यावर. या नात्याला मराठीत शब्द नव्हता, आता आहे.

आणि मग भाचीनं 'झी-यिन' सांगितला. सूर ओळखणारा. फार जुन्या काळी पो-या नावाचा एक वादक होता, छिन नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. त्याच्या मनात डोंगर असला की ऐकणारा चुंग त्झछी म्हणायचा, किती उंच डोंगर! मनात नदी असली की म्हणायचा, काय पाणी वाहतंय! रूढ गोष्टीत तो ऐकणारा म्हणजे एक लाकूडतोड्या. तो मेला तेव्हा पो-यानं वाद्य फोडलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. आता ऐकणार कोण? म्हणून जिवाभावाच्या मित्राला अजूनही झी-यिन म्हणतात.

ही गोष्ट ऐकताना मी समोरच्या भिंतीतल्या रिकाम्या खुंटीकडे बघत होतो. माझे वडील गुरुदेव भजनी मंडळात ढोलक वाजवायचे. तुकडोजी महाराज आमच्याच जिल्ह्यातले, यावलीचे. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत सगळे एका सतरंजीवर बसायचे. पण प्रार्थना संपून माणूस आपापल्या गल्लीत शिरला की सतरंजी गुंडाळली जायची. पदराची दुसरी बाजू म्हटलं ती हीच. पदर शोधत शोधत गाव फिरलं तरी काही घरांच्या अलीकडेच तो संपायचा, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटायचंही नाही. शेजारच्यांकडे एक सालदार होता, गावाच्या पल्याडच्या वस्तीतला. वडील रात्री ओसरीवर ढोलकाचा हात करायला बसले की तो येऊन ओट्याच्या खालच्या पायरीला टेकायचा. वडील म्हणायचे, वर ये. तो यायचा नाही. बोलायचा फक्त एक शब्द, "हाव." पण तो पडायचा नेमका तिथंच, जिथं वडिलांनी समेच्या आधी काही तरी चोरून घातलेलं असायचं. मंडळातल्या टाळकऱ्यांना ते कधी कळलं नाही. मलाही कळत नव्हतं. मी त्याच्या 'हाव'वरून ओळखायचो.

तो गेल्यावर वडिलांनी ढोलक फोडला नाही. शेतकऱ्याच्या घरात वस्तू फोडत नसतात. त्यांनी दोरीच्या कड्या सैल केल्या आणि त्या खुंटीला टांगला. दोन पावसाळ्यांत पुड्यावर बुरशी आली. मग गणपतीत कोणी तरी मागायला आलं, त्यांनी देऊन टाकला.

तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जागतिक धर्म परिषदेला जाऊन आले. सोबत खंजिरी असणारच. तिथं समोर बसलेल्या, मराठी-हिंदीचं अक्षर न कळणाऱ्या लोकांत कोणी तरी एक जण नेमक्या जागी मान हलवून गेला असेल, असं मला आपलं वाटतं. त्याची नोंद कुठल्या अहवालात होत नसते.

या शब्दांपैकी पुष्कळ आता ओस पडणार आहेत, इकडेही आणि तिकडेही. चीनमध्ये १९८० च्या सुमारापासून २०१५ च्या अखेरीपर्यंत, विशेषतः शहरांत, एका घरी एकच मूल. एकुलत्या बापाच्या आणि एकुलत्या आईच्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. शब्दकोशात सगळे हजर, घरात एकही नाही. तरी मावशी मात्र तिथंही तगून आहे. मावशीला चिनीत 'आयी' म्हणतात, आणि रस्त्यावरची कोणतीही बाई, घरी धुणीभांडी करणारीसुद्धा, आयी. पुण्यामुंबईत कामाला येणारीला मावशी म्हणतात तसंच. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण चिन्यांनी उच्चारासकट पाळली.

संध्याकाळी लग्न लागलं. पाठवणीच्या आधी बायकांच्या ओट्या भरायला सुरुवात झाली, आणि जपानवाल्या ताई भाचीच्या मागे लपल्या. मोठ्या मायनं त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड सगळं तयार. आणि तिथं अडलं. ताईंच्या अंगात पँट आणि सुती शर्ट.

"पदर नाई तं ओटी कायच्यात भरू?" मोठी माय म्हणाली.

ताईंना काही तरी चुकलं एवढं कळलं. त्यांनी घाईघाईनं पर्समधून एक पिवळं नाणं काढून मोठ्या मायच्या हातावर ठेवलं. मधोमध भोक. भाचीनं सांगितलं, हे पाच येनचं. पाच येनला 'गो-एन' म्हणतात आणि 'गो-एन' म्हणजेच ते मघाचं, गाठ पडण्याचं. म्हणून जपानात देवाला हेच नाणं वाहतात. मोठ्या मायनं एवढं सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. नाणं डोळ्यांजवळ नेऊन तिनं भोकातून आरपार पाहिलं. "इंग्रजाच्या राज्यात आपल्याइथी बी होता भोकाचा पैसा," ती म्हणाली, आणि ते स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकलं.

मग तिनं भाचीच्या गळ्यातला दुपट्टा ओढला, ताईंच्या डाव्या खांद्यावर टाकला, त्याचं टोक त्यांच्या दोन्ही हातांत पसरून दिलं आणि ओटी भरली. ताई वाकल्या. मोठ्या मायला वाटलं पाया पडतेय, म्हणून तिनं डोक्यावर हात ठेवला. ताईंनी वर पाहिलं आणि पुन्हा वाकल्या. आता आपणही वाकायचं असतं की काय असं वाटून मोठी मायही वाकली. ती वाकली म्हणून ताई आणखी खाली वाकल्या. मागे पंगत बसली होती, वाढप्याच्या हातात वरणाची बादली होती आणि वाट अडली होती.

"होऊ द्या बापा," खाटेवरून मोठेबाबा म्हणाले, "दोघीत धाकटी कोन, थे अजून ठरलं नाई."